रामेश्वर झालं, बेट राहिलं

मी चेन्नईहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झाल्यावर इथंच स्थायिक झालो, त्यामुळे दर हिवाळ्यात पुण्याहून, बेळगावहून, इंदूरहून कुणीतरी नातेवाईक येतातच. प्रश्न ठरलेला असतो : "रामेश्वर एका दिवसात होईल ना?" देऊळ होतं. बेट होत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून बोलतोय.

1982 साली मी इथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून पास आउट झालो. परेडला आई आली होती. तिनं एकच मागणं मागितलं, धनुष्कोडीला ने. कारण आजी, म्हणजे आईची आई, पन्नासच्या दशकात काशी-रामेश्वर करून आली होती. सेतूची वाळू प्रयागला गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी आणून रामेश्वराला घालायचं, ही आपली जुनी रीत. नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं ते हेच रामेश्वराला निघालेलं पाणी! आजी एग्मोरहून 'बोट मेल'नं गेली. ती गाडी तेव्हा थेट धनुष्कोडीच्या धक्क्याला लागायची; पुढे आगबोट, लंकेतल्या तलैमन्नारपर्यंत. एका बाजूला खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळ्यासारखा शांत, आणि मधल्या वाळूवर आपण, असं आजी सांगायची. आईनं ते लहानपणापासून ऐकलेलं.

तेव्हा बेटावर जायला रेल्वेच होती. रस्त्याचा पूल 1988 साली झाला. आम्ही बावीस तीर्थांची स्नानं केली. बादल्यांनी डोक्यावर पाणी ओततात, विहीर बदलली की पाण्याची चवही बदलते. ओलेत्यानंच तो लांबलचक दगडी प्राकार पाहिला. मग आई म्हणाली, "आता धनुष्कोडी." मला युनिटवर हजर व्हायचं होतं, परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं. पुढे रस्ता नव्हता, वाळूतून जाणारी गाडी शोधावी लागली असती. मी नव्या अधिकाराच्या आवाजात सांगून टाकलं, "आई, वादळानंतर तिथं काही उरलेलं नाही. नुसती वाळू आहे." ती काही बोलली नाही. गाडी पांबनच्या पुलावर आली तेव्हा खिडकीतून मागंच बघत होती.

आई 2009 मध्ये गेली. धनुष्कोडीच्या टोकापर्यंत, अरिचलमुनईपर्यंत, डांबरी रस्ता 2017 साली खुला झाला. दुसऱ्या वर्षी मी एकटा गेलो.

मी तिला खोटं सांगितलं होतं.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळानं ते गाव नेलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे लाटेखाली गेली; आत शंभराहून जास्त माणसं होती. सरकारनं गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. पण स्टेशनच्या भिंती उभ्या आहेत, चर्चची कमान आहे, आणि कोळ्यांची कुटुंबं झोपड्यांतून राहताहेत. शिंपले विकणाऱ्या एका म्हातारीला मी माझ्या फौजी तमिळमध्ये पिण्याच्या पाण्याचं विचारलं. ती हसली, मला झोपडीमागं घेऊन गेली. वाळूत हातभर खड्डा होता. त्यातून तिनं करवंटीनं पाणी काढून दिलं. दोन समुद्रांच्या मध्ये, चक्क गोडं पाणी! आजीनं हे कधी सांगितलं नव्हतं. आईला दाखवता आलं असतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. वाटेत कोदंडरामाचं देऊळ लागतं. बिभीषण रामाला शरण आला तो इथंच, असं मानतात. 1964 च्या वादळातूनही ते टिकलं. थंडीत आसपासच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. मन्नारच्या आखातातली 21 बेटं 1986 पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथं प्रवाळ आहे, समुद्रगवत आहे आणि ते खाणारी समुद्रगायही आहे. ती दिसेल याची खात्री मात्र कुणी देऊ नये. रामेश्वर गावात कलामांचं घर आहे. त्यांचे वडील नावेतून यात्रेकरूंना धनुष्कोडीला ने-आण करायचे. माझ्या आजीआधीच्या कित्येक मराठी आज्या त्या नावेत बसल्या असतील!

पुलावर मात्र जरा रेंगाळतो, फौजी माणूस आहे. 1914 चा जुना पूल सुमारे दोन किलोमीटरचा. मधला भाग दोन पंखांसारखा उघडायचा, जहाज जायचं. वादळात त्याचे गाळे वाहून गेले, तेव्हा ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो 46 दिवसांत पुन्हा उभा राहिला. त्यांच्या माणसांनी समुद्रात पडलेले गर्डर शोधून वर काढले. एप्रिल 2025 पासून शेजारच्या नव्या पुलावरून गाड्या जातात. त्याचा मधला 72.5 मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो.

तर या, पण निदान दोन रात्री राहा. पहिला दिवस देवळाचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच धनुष्कोडीला निघा, कारण अंधाराच्या आत तिथून परत फिरावं लागतं. टोकाला पाण्यात फार आत शिरू नका, ओढ वाईट आहे.

त्या दिवशी मी मूठभर वाळू आणली. प्रयागला जाणं अजून झालेलं नाही. डबी देवघरात आहे. जानेवारीत इंदूरहून पुतण्या येतोय. त्याचाही फोन आला होता, एका दिवसात होईल ना म्हणून. त्याची परतीची तिकिटं मी रद्द करायला लावली आहेत.