गाडी चार्जिंगला कुठे लावू?

मी केनवडहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक.

मागच्या श्रावणात रिसोडहून येताना माझी विजेची स्कूटी सहा टक्क्यांवर आली. पिशवीत तीन गटांची पासबुकं, वरून पाऊस. कशीबशी आमच्या गटातल्या एका ताईच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचले. तिनं प्लग दिला, चहाही दिला. पैसे विचारले तर म्हणाली, "विजेचे काय पैसे घ्याचे ताई!" दुसऱ्यांदा तिच्या दारात जाताना मात्र माझाच पाय अडखळला. वीज तिची, मीटर तिचं, बिलही तिलाच भरायचं.

हा विषय मी मासिक बैठकीत काढला. आधी हसल्या सगळ्या. मग एकीनं विचारलं, "एका गाडीला लागते तरी किती वीज?" पाटीवर हिशेब मांडला. स्कूटीची बॅटरी धरा तीन युनिटची. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून साडेतीन युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर पूर्ण चार्जिंगचे पस्तीस रुपये. आपल्या बिलावरचा दर घालून तुम्हीही करून पाहा. चार्जर साधारण मिक्सरइतकीच वीज ओढतो, पण मिक्सर पाच मिनिटं चालतो आणि हा चार-पाच तास. म्हणून बारीक वायरचं एक्सटेंशन चालत नाही, ते तापतं. सोळा अँपिअरचा पक्का सॉकेट, चांगलं अर्थिंग, वर पत्रा, आणि चार्जर जमिनीपासून उंच, एवढं लागतंच.

मोठ्या रस्त्यांवर कारसाठी फास्ट चार्जर असतात, पण त्यांची गन आपल्या स्कूटीला सहसा बसत नाही. आणि समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही! आपली सोय आपल्याच गावात करावी लागणार.

"वीज विकायला लायसन लागते ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही लागत. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर खुशाल लावा. पण घरच्या मीटरवर पैसे घेऊन धंदा करू नका, आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर तर अजिबातच नको. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो, दंडाचं बिल येतं. चार्जिंग केंद्रासाठी महावितरणची वेगळी दरवर्गवारी आहे. उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारायचं, तोंडी उत्तरावर विसंबायचं नाही.

आमच्या गटात दोन मतं पडली. अंतर्गत कर्ज काढून लगेच चार सॉकेट बसवू, असं तरुण मुली म्हणाल्या. गावात गाड्या किती ते आधी मोजा, असं आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या. मला त्यांचंच पटलं. रोज दोन गाड्या आल्या आणि गाडीमागे दहा रुपये सुटले, तर महिन्याचे सहाशे. त्यात बिलातला स्थिर आकारही आला. म्हणजे नुसत्या चार्जिंगवर हप्ता फिटणार नाही. पण चार तास थांबणारी बाई दळण आणेल, चहा घेईल, पापड नेईल. गिरणीजवळची जागा म्हणूनच बरी.

सध्या गिरणीत एक वही टांगलीय. कोण आलं, किती टक्क्यांवर आलं, किती वेळ थांबलं, लाईट कधी गेली, सगळं त्यात लिहितो. दिवाळीनंतरच्या बैठकीत ती वही उघडू आणि मगच कर्जाचा ठराव घेऊ. गिरणीवाल्या ताईच्या बिलाची भर तोवर गटातून द्यायची, हे मात्र त्याच दिवशी ठरलं. ती नको म्हणत होती. आम्ही ऐकलं नाही.