बाटलीतली पूड आणि किनाऱ्याची वाळू



 परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात प्रथेप्रमाणे वर्षभरातील संशोधनाचा आढावा घ्यायला हवा. त्याची टिपणे मी कार्यवाहांकडे दिली आहेत. आज मात्र कित्येक वर्षे मनात साचलेली एकच गोष्ट बोलणार आहे.

टायटॅनियमच्या क्लोरिनीकरणावरचे आपले शोधनिबंध काढून बघा. कच्चा माल कोणता? बहुतेक ठिकाणी बाटलीतला शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड. त्यात कोक मिसळायचा, 900 ते 1000 अंशांवर क्लोरीन सोडायचा, निघालेली टेट्राक्लोराइडची वाफ थंड करायची आणि आलेख काढायचे. केरळातल्या चवऱ्याची किंवा आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्याची काळी वाळू प्रयोगाच्या नळीत जातच नाही. म्हणून मी विचारतो, हे संशोधन कुणासाठी?

त्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट या खनिजातले लोह कोळशाने क्षपण करून, मग आम्लात विरघळवून बरेचसे काढता येते. उरलेल्याचे फेरिक क्लोराइड वाफेबरोबर निघून जाते. खरा त्रास मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा. त्यांची क्लोराइडे अनुक्रमे 714 आणि 772 अंशांना वितळतात, पण भट्टीच्या तापमानाला उडून जात नाहीत. पातळ होऊन कणाकणाला चिकटत राहतात. शुद्ध पुडीत हा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे निबंधातही तो दिसत नाही.

सकाळच्या सत्रात कोकचा कण धातुकाच्या कणाला टेकलेला असावा लागतो की वायूमार्फतच काम भागते, यावर कडाक्याचा वाद झाला. माझे उत्तर प्रयोगशाळेतले नाही. एका प्रायोगिक संयंत्रावर आम्ही किनाऱ्यावरून आलेला माल चालवत होतो. वायूच्या झोताने उसळत राहणारा थर हळूहळू मंदावला, दाबमापकाचा काटा हेलकावायचा थांबला आणि पलीकडून न वापरलेला हिरवट-पिवळा क्लोरीन येऊ लागला. भट्टी निवल्यावर तळाच्या जाळीवरून नारळाएवढी ढेप फोडून काढली. त्या ढेपेत कोक आणि धातुक एकमेकांना अगदी घट्ट चिकटलेले होते, तरी तिथली क्रिया थांबलेली होती. पावसाळ्याचे दिवस होते. टेबलावर ठेवलेल्या ढेपेतल्या त्या क्लोराइडांनी हवेतला ओलावा ओढला आणि संध्याकाळपर्यंत पाझर फुटून खाली थारोळे साचले. थर हलता राहिला नाही, तर टेकण्या-न टेकण्याला काय अर्थ?

त्या प्रयोगाचा अहवाल एका नियतकालिकाने परत पाठवला. नमुना ‘अशुद्ध’ होता म्हणे! अहो, अशुद्ध तर अख्खा किनारा आहे. पण उद्योगाला तोच लागतो: चवऱ्याला 2011 साली टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे सच्छिद्र टायटॅनियम धातूचा कारखाना उभा राहिला. तंत्र हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेचे आणि पाठबळ इस्रोचे. तिथल्या क्रॉल प्रक्रियेत धातू मिळवण्यासाठी मॅग्नेशियमसमोर जाणारे टेट्राक्लोराइड अखेर वाळूतूनच येते.

या चिकटण्यावर एक वाट दिसते: कार्बन आणि नायट्रोजन वापरून आधी टायटॅनियमचे कार्बोनायट्राइड बनवले, तर काही शे अंशांवरच क्लोरिनीकरण होते आणि मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, बहुतांशी तसाच राहतो. हा मार्ग मला फार आशादायक वाटतो. पण तोही कृपा करून खऱ्या वाळूवर तपासा.

परिषदेने किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या वाळूचे, पूर्ण विश्लेषण केलेले नमुने एके ठिकाणी साठवावेत आणि मागेल त्या विद्यार्थ्याला द्यावेत, असे मी सुचवतो. जागा आणि खर्चाचे कार्यकारिणीत बसून ठरवू. पहिली पोती रत्नागिरीहून आणण्याची जबाबदारी माझी.