जीप आणि नांगर



आपण शहरातली माणसे; पण आपल्यापैकी पुष्कळांचे एक पाऊल अजून गावच्या बांधावर आहे. भाऊ शेत कसतो, आणि यंत्र घ्यायचे झाले की पैशासाठी निरोप आपल्याकडे येतो. “एकच गाडी घेऊ, ती नांगरेलही आणि माल बाजारालाही नेईल.” हा विचार नवा नाही. त्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे, तो आज सांगतो.

१९४५ साली महायुद्ध संपले. लष्कराची मागणी थांबल्यावर जीपचे करायचे काय, हा प्रश्न अमेरिकेतील टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीपुढे उभा राहिला. तिने त्याच वर्षी मुलकी जीप काढली आणि शेतकऱ्याला सांगितले, ही नांगर ओढील, लाकडे कापायची करवत फिरवील आणि मालही बाजारात पोचवील. इंजिन ६० अश्वशक्तीचे. सुमारे तेवढ्याच वजनाच्या, १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरला जेमतेम २४. कागदावर जीप जिंकायला हवी होती. शेतात ट्रॅक्टर जिंकला.

असे का व्हावे? इंजिनाची ताकद चाकातून मातीत उतरली तरच नांगर पुढे सरकतो. जीपचे साठ घोडे इंजिन भरवेगाने फिरताना मिळतात. नांगर चालतो ताशी पाचएक किलोमीटरने. चारही चाके ओढत असल्यामुळे हलक्या जमिनीत तिने नांगरले, हे खरे. पण फाळ खोल गेला की तिची लहान चाके जागच्या जागी फिरू लागतात. हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला असा जोडला, की माती फाळाला अडवू लागली म्हणजे मागच्या मोठ्या चाकांवरचा भार वाढावा. मातीचा विरोधच त्याने पकडीच्या कामी लावला.

आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीपची जोडणी सुरू केली. तरी शेतीसाठी त्यांना १९६३ साली ट्रॅक्टरची निराळी कंपनी काढावी लागली. जीपने भागले असते, तर हा खटाटोप कशाला?

आता माझ्या नेहमीच्या विषयाकडे येतो. गिरणीत फिरत्या पट्ट्याला जाळी हवी म्हणून आम्ही भांडलो. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राला आडोसा सक्तीचा केला. शेत त्या कायद्याबाहेर राहिले. शेतातली अवजारे फिरवणारा इंजिनाचा दांडा सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात अडकला, तर “थांब” म्हणायलाही वेळ मिळत नाही. जुगाड करून जोडलेल्या अवजाराला पहिल्याने गळते ते या दांड्यावरचे झाकण. आणि तिथे उभा असतो तो बहुधा मालक नसतो, मजूर असतो.

म्हणून गावचा निरोप आला, तर आधी अश्वशक्ती विचारू नका. जमीन भारी की हलकी, दांड्यावर झाकण आहे काय, आणि चार शेजाऱ्यांत मिळून भाड्याचा ट्रॅक्टर आणता येईल काय, हे विचारा. कर्जाचा हप्ता यंत्राच्या ताकदीने फिटत नाही. ते वर्षातून किती दिवस कामाला लागते, त्यावर फिटतो.