कातळाखालचा नकाशा

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था 1961 सालची. तिथल्या शास्त्रज्ञांनी केंद्रीय भूजल मंडळासाठी नागपूरजवळच्या चंद्रभागा खोऱ्याचा पाहणी-नकाशा चक्क हेलिकॉप्टरमधून केला.

हेलिकॉप्टरखाली तारेचं भलंमोठं वेटोळं टांगलेलं असतं. त्यातला वीजप्रवाह एकदम तोडला, की जमिनीत क्षीण प्रवाह उमटतात आणि विरत जातात. झटकन विरले तर कोरडा, अखंड कातळ. रेंगाळले तर चिकणमाती किंवा पाणी. या प्रवाहांचा उशिरा येणारा संकेत अधिक खोलातला. उड्डाणाच्या अशा ओळी शेजारीशेजारी जोडल्या की संगणकावर जमिनीचं त्रिमितीय प्रारूप उभं राहतं: वर काळा बेसाल्ट, त्याखाली गोंडवाना काळातले गाळाचे खडक.

मात्र चिकणमाती आणि खारं पाणी यांचे संकेत सारखे दिसू शकतात. म्हणून बोअर खोदताना निघालेल्या थरांच्या नोंदी ताडून पाहाव्याच लागतात. माझ्या मते या कामाचा खरा कस इथेच लागतो. बोअर कोरडी गेली की शेतकऱ्याचं कर्ज तेवढं मागे उरतं. असं प्रारूप ग्रामपंचायतीत, मराठीतून, बोअरची गाडी बोलावण्याआधी बघायला मिळालं पाहिजे.