शेवाळ आणि नदीमुखाचा चिखल



बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. तरी समुद्राशीं आपला संबंध आहे. आपली सिंदफणा मांजरथ येथें गोदावरीस मिळते, आणि गोदावरी आंध्रांत बंगालच्या उपसागरास. नदीमुखाशीं ओहोटीनंतर उघडा पडणारा चिखल निर्जीव भासतो. परंतु त्यांत असंख्य कृमि व शिंपले राहतात, आणि त्यांवर खेकडे, मासे व पाणपक्षी जगतात.

थोडें शेवाळ या जीवांस अन्न व आसरा देतें. परंतु शेतांतील नत्र पाण्याबरोबर वाहून आलें, कीं तें बेसुमार माजतें. त्याच्या जाड थराखालीं चिखलास प्राणवायु मिळत नाहीं. कृमि मरतात व पक्षी उपाशी राहतात. पुढें तें सडलें म्हणजे विषारी वायु सुटतो. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर २००९ सालीं अशाच वायूनें एक घोडा मेला.

गोदामुखावर ही दशा न यावी, म्हणून ऊंस-कापसास खत मापानेंच द्यावें, मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकूं नये, आणि ओढ्याकांठीं गवताचा पट्टा राखावा. त्यांत आपला पैसाही वांचेल. खालच्या मच्छीमाराची भाकर कांहीं अंशीं वरच्या शेतकऱ्याच्या हातीं आहे, हें आपण विसरूं नये.