जपानीचे शिक्षक कोणाच्या घरातून येणार?



आज मी एकच प्रश्न मांडते. शाळेत जपानी शिकवायला जे तरुण तयार होतात, त्यांच्या तयारीचा खर्च कोण उचलतं?

सीबीएसईने २००६ मध्ये सहावीपासून जपानी सुरू केली. सप्टेंबर २०१७ मध्ये भारत आणि जपान सरकारांनी ठरवलं की पाच वर्षांत १०० उच्च शिक्षण संस्थांत जपानीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करायचे आणि १,००० शिक्षक तयार करायचे. २०२० च्या शिक्षण धोरणातही माध्यमिक शाळेतल्या परकीय भाषांमध्ये जपानीचं नाव आहे. म्हणजे शिक्षक लागणारच.

औरंगाबादजवळच्या गाडीवाटची गोष्ट घ्या. २०१९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना परकीय भाषा निवडायला सांगितली. बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोटिक्सची ओढ होती. धड पुस्तकं नव्हती, शिक्षक नव्हता. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप यांवर सुरुवात झाली. पुढे एका जाणकाराने स्वतःहून ऑनलाइन वर्ग घेतले. त्यांचे आभारच. पण गावातल्या मुलांचं शिक्षण कुणाच्या चांगुलपणावर किती दिवस चालवायचं?

शिक्षक घडायला वर्षं लागतात. जपानीच्या परीक्षेच्या पायऱ्या एन-५ पासून एन-१ पर्यंत आहेत. कसं शिकवायचं हे शिकण्याआधी भाषा यावी लागते. ज्याच्या घरून पैसे येतात, तो संध्याकाळी क्लासला जातो. ज्याला संध्याकाळी शिकवण्या घेऊन मेसचं बिल भरायचं असतं, तो पहिल्या पायरीवरच थांबतो. त्याला मदत हवी असते ती नेमकी इथे.

आणि आहे ती मदत कुठे मिळते? जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, पण तिला पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो. दुसरी जपानी घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी आहे. त्यात जपानमधल्या शिक्षणाची फी, विमानभाडं आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. म्हणजे पदवीचं दार ज्याला उघडलं, त्यालाच पुढचं दार दिसतं.

म्हणून पदवी आणि क्लास यांतला फरक नीट ओळखा. जेएनयू, हैदराबादचं इफ्लू, शांतिनिकेतनचं विश्वभारती ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. तिथे जपानीची पदवी मिळते आणि प्रवेशात अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि ओबीसींना २७ टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मागता येते. शनिवार-रविवारच्या खाजगी क्लासला यातलं काहीही नाही. तिथे आधी रोख पैसे, मग शिक्षण.

कुणी म्हणेल, फी माफ झाली की पुरे, बाकीचं घरच्यांनी बघावं. हाच युक्तिवाद खुद्द जपानमध्ये झाला होता. तिथे जन्मावरून अस्पृश्य ठरवलेला बुराकू समाज आहे. १९६१ मध्ये कोची शहरातल्या नागाहामा वस्तीत मजुरी करणाऱ्या बुराकू आयांनी मुलांची पाठ्यपुस्तकं विकत घ्यायला नकार दिला. सक्तीचं शिक्षण मोफत असेल असं संविधान म्हणतं, मग पुस्तकंही द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९६३ चा कायदा आला आणि टप्प्याटप्प्याने सर्व जातींच्या, सर्व वर्गांच्या मुलांना शाळेची पुस्तकं मोफत मिळू लागली. त्या आयांनी दया मागितली नव्हती. संविधानातल्या शब्दाचा पूर्ण अर्थ मागितला होता.

आपल्या मागण्याही तशाच असाव्यात. एक, विद्यावेतन पहिल्या पायरीपासून द्या, दरमहा द्या; वर्ष संपल्यावर खात्यात आलेल्या पैशाने मेसचं बिल भागत नाही. दोन, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रमाणपत्र आणि प्रशिक्षण वर्गात आरक्षण आणि वसतिगृह द्या. तीन, प्रशिक्षण झालेल्यांसाठी जिल्हा परिषद, महापालिका आणि आश्रमशाळांत पगारी पदं काढा.

हे मिळेपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. घरात, वस्तीत कुणी बारावीला असेल, तर सीयूईटीचा फॉर्म भरताना त्याच्याशेजारी बसा. जपानीच्या पदवीचा पर्याय दाखवा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला लावा. आपल्याला हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना आपण आहोत.

जय भीम.