परका खेळ आणि आपली भाषा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



क्रीडास्पर्धांच्या बक्षीससमारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आमचा जन्म भाषा शिकविण्यात गेला. तेव्हा खेळांविषयी नव्हे, तर खेळांच्या शब्दांविषयी बोलावे हेच उचित. त्यासाठी आपणांस क्षणभर आफ्रिकेत नेतो.

नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो लोक राहतात. इंग्रजांबरोबर त्यांच्याकडे फुटबॉल आला आणि त्याचे इंग्रजी शब्दही आले. १९६० साली, म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, तो देश स्वतंत्र झाला. तथापि राज्यकारभाराची भाषा इंग्रजीच राहिली. मग खेळाचे वर्णन मातृभाषेत करावे तरी कसे?

इग्बोत 'ग्बा' नावाचे एक क्रियापद आहे. 'ग्बा ओसो' म्हणजे धावणे, 'ग्बा एग्वू' म्हणजे नाचणे, 'ग्बा म्ग्बा' म्हणजे कुस्ती खेळणे. कुस्ती हा त्यांचा जुना मानाचा खेळ. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीचा नायक प्रथम कीर्ती मिळवितो ती कुस्तीतच. फुटबॉल आला तेव्हा ह्याच क्रियापदाला लोकांनी चेंडू जोडला आणि 'ग्बा बोलू' असे म्हणू लागले. 'बोलू' हा मुळचा इंग्रजी 'बॉल'च. परंतु त्या भाषेच्या वळणाप्रमाणे अंती स्वर घेऊन तो घरचा झाला. स्पर्धेला मात्र त्यांनी आपलाच 'असोम्पी' हा शब्द ठेविला. त्यातील 'म्पी' म्हणजे शिंग! आपल्या 'टक्कर' शब्दाचे येथे सहज स्मरण होते.

नाम परके असले तरी चालते, क्रियापद आपले हवे, हा ह्यातील बोध आहे. भाषेचा सांभाळ मात्र आपोआप होत नाही. एफ. सी. ओगबालू ह्या शिक्षकाने १९४९ साली इग्बो भाषा व संस्कृती यांच्या संवर्धनार्थ संस्था स्थापिली, ती ह्याच जाणिवेने.

आपल्याकडे 'गोलंदाज' म्हणजे तोफ डागणारा. तोफा गेल्या, पण क्रिकेटच्या मैदानावर त्याला नवी चाकरी मिळाली. त्याच्याच जोडीचा 'फलंदाज' आला. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन केले, तेव्हा हे शब्द घरोघरी पोहोचले. 'विकेट' आपण तशीच ठेविली. पण ती 'घेतो' आणि 'काढतो' मराठीतच.

बंधूंनो, मूल ज्या भाषेत खेळते तीच त्याला जिवंत वाटते. खेळ इंग्रजीत आणि केवळ देवपूजा मराठीत, अशी वाटणी झाली तर पुढील पिढीस मातृभाषा ही वडिलांची अडगळ वाटेल. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पुढील वर्षापासून आपल्या स्पर्धांची घोषणा, वर्णन व वृत्तान्त मराठीत व्हावा आणि हे काम मुलांकडेच सोपवावे. अडेल तेथे त्यांनी इंग्रजी शब्द खुशाल घ्यावा, वाक्य मात्र मराठी असावे.